झिजणे आणि थांबणे

मराठी मनाला चंदनाची उपमा फार प्रिय आहे. सत्पुरुषाने चंदनाप्रमाणे स्वतः झिजावे आणि भोवतालच्यांना सुगंध द्यावा, असे आपण शाळेच्या बाकावर बसल्यापासून ऐकत आलो आहोत. आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांत चंदनाच्या शेजारी मेणबत्तीही येऊन बसते. ती स्वतः वितळते आणि इतरांना प्रकाश देते. या उपमा खोट्या नाहीत. त्यांच्या बळावर कितीतरी स्त्री-पुरुषांनी आपली आयुष्ये लोकांसाठी वाहिली आहेत. परंतु उपमेच्या पोटात एक प्रश्न दडलेला असतो आणि तो आपण सहसा विचारीत नाही. चंदनाचे खोड आपण होऊन झिजत नाही. त्याला सहाणेवर कोणीतरी घासतो, आणि घासणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताला काही मर्यादा आहे काय? माणसाला लाभलेली देणगी शेवटी कोणाची? तिच्यापासून आनंद घेणाऱ्या समाजाला ती शेवटच्या कणापर्यंत मागण्याचा अधिकार आहे काय? आणि जिच्यापाशी ती देणगी आहे त्या व्यक्तीने एके दिवशी ‘आता पुरे’ असे म्हटले, तर तिला स्वार्थी म्हणावे की शहाणी?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एका खेळाडूचे चरित्र समोर ठेवीत आहोत. तत्त्वचिंतनासाठी खेळाडू कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु खेळाच्या मैदानावर देणगी, शरीर, पैसा आणि जनसमुदाय हे चारही घटक इतके उघडे असतात की नैतिक प्रश्न तेथे जणू काचेतून पाहावा तसा दिसतो. हा खेळाडू म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलपटू सँडी कोफॅक्स. १८ नोव्हेंबर १९६६ रोजी, वयाची एकतिसावी वर्षगाठ यावयाची असतानाच, त्याने खेळातून निवृत्ती जाहीर केली. त्या वर्षी त्याच्या तोडीचा चेंडू फेकणारा दुसरा कोणी नव्हता. तो हरला म्हणून थांबला नाही, त्याला कोणी काढले म्हणूनही नाही. तो थांबला, कारण त्याने थांबायचे ठरविले.

बेसबॉल आपल्याकडे फारसा परिचित नसल्याने त्याविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. आपल्या क्रिकेटमध्ये जे स्थान गोलंदाजाचे, साधारण तेच बेसबॉलमध्ये ‘पिचर’चे. फरक असा की गोलंदाज हात कोपरात न वाकविता चेंडू टाकतो, तर पिचर एका उंचवट्यावर उभा राहून, सुमारे साडेअठरा मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू अक्षरशः फेकतो. त्याला टप्पा नसतो. फलंदाजाच्या खाती तीन ‘स्ट्राइक’ जमले की तो बाद. प्रत्येक डावात तीन गडी, असे नऊ डाव, म्हणजे एका सामन्यात प्रतिपक्षाचे सत्तावीस गडी बाद करावे लागतात. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर गोलंदाज बदलतो. येथे तसे नाही. विशेषतः त्या काळी चांगला पिचर पहिल्या डावापासून नवव्यापर्यंत एकटाच फेकीत असे, आणि एका सामन्यात शंभराहून अधिक फेकी सहज होत. प्रत्येक फेकीचा ताण खांद्यावर आणि कोपरावर येतो. म्हणून एक सामना खेळल्यावर पिचरला मध्ये तीन-चार दिवसांची विश्रांती देण्याची रीत आहे. ही रीत ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी कथा या कोपराची आहे.

कोफॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका यहुदी कुटुंबात झाला. जन्मनाव सॅनफर्ड ब्राउन. तो लहान असताना आईवडील विभक्त झाले. पुढे आईने अर्व्हिंग कोफॅक्स नावाच्या वकिलाशी विवाह केला आणि मुलाने सावत्र वडिलांचे आडनाव घेतले. शाळेत तो नावाजला तो बास्केटबॉलसाठी. १९५४ च्या अखेरीस ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाने त्याच्याशी करार केला, तेव्हा त्याला करारापोटी १४ हजार डॉलर एकरकमी आणि ६ हजार डॉलर वार्षिक वेतन मिळाले. ही रक्कमच त्याला काहीशी बाधली. त्या काळच्या नियमानुसार मोठी रक्कम घेऊन आलेल्या नवख्याला पहिली दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. दुय्यम संघांत पाठवून त्याला शिकविता येत नसे. त्यामुळे एकोणीस वर्षांचा हा डावखुरा तरुण शिकण्याच्या वयात बाकावर बसून राहिला. डाव्या हातात वेग विलक्षण, पण चेंडू कोठे जाईल याचा नेम नाही. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराजय जमा झाले. १९५८ मध्ये संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तरी त्याचे नशीब पालटले नाही. १९६० च्या हंगामाअखेर तो इतका निराश झाला की त्याने आपले हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले. संघाच्या सामानाची व्यवस्था पाहणारे नोब कावानो यांनी ते उचलून ठेवले आणि पुढील वर्षी परत दिले.

१९६१ च्या वसंतात, सरावाच्या दिवसांत, नॉर्म शेरी या सहकाऱ्याने त्याला एक साधी गोष्ट सांगितली: इतका जोर लावू नकोस. थोडा हात सैल सोड, वेग किंचित कमी कर आणि चेंडू नेमका टाक. कोफॅक्सने ऐकले, आणि आश्चर्य असे की जोर कमी करताच चेंडू अधिक प्रभावी झाला. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले आणि २६९ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केले. नॅशनल लीगमधील १९०३ चा विक्रम त्यामुळे मोडला. देणगी म्हणजे तिच्यातून जास्तीत जास्त ओढून काढण्याची वस्तू नव्हे, हा धडा त्याला असा सरावाच्या मैदानावर मिळाला.

पुढील पाच वर्षांतील त्याच्या पराक्रमाला त्या खेळाच्या इतिहासात तोड शोधणे कठीण आहे. दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या, या हिशेबात तो १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षे नॅशनल लीगमध्ये पहिला आला. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्या काळी दोन्ही लीग मिळून एकालाच दिला जाई. तो त्याने १९६३, १९६५ आणि १९६६ असा तीन वेळा, आणि तिन्ही वेळा एकमताने मिळविला. १९६२ ते १९६५ या प्रत्येक वर्षी त्याने एक सामना असा खेळला की प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. त्यांतला चौथा सामना ९ सप्टेंबर १९६५ रोजी शिकागो कब्ज या संघाविरुद्ध झाला. आलेले सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद झाले. एकही पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचला नाही. शेवटचे सहा तर लागोपाठ स्ट्राइकवर गेले. शिकागोच्या बॉब हेंडली या पिचरनेही त्या दिवशी केवळ एक फटका दिला होता, तरी तो १-० असा हरला.

आता या यशाची दुसरी बाजू पाहू. ऑगस्ट १९६४ मध्ये टप्प्यावर परत झेप घेताना कोफॅक्स कोपरावर पडला. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी तपासून सांगितले की कोपराच्या सांध्यात आघातजन्य संधिवात जडला आहे. सांध्यातील कूर्चा एकदा झिजली की ती भरून येत नाही. प्रत्येक फेकीबरोबर हाड हाडावर घासणार, सूज येणार आणि रोग वाढणार. १९६५ च्या आरंभी सरावानंतर त्याचा हात खांद्याखाली काळानिळा पडला होता. असाच खेळत राहिलास तर हाताचा उपयोग कायमचा गमावशील, अशी समज डॉक्टरांनी दिली. तरीही तो खेळला. सामन्याआधी अंगावर मिरचीच्या अर्काचे जहाल मलम, वेदनेसाठी कोडीनच्या गोळ्या, सूज उतरण्यासाठी शर्यतीच्या घोड्यांनाही दिले जाणारे एक औषध, मधूनमधून सांध्यात कॉर्टिझोनची सुई, आणि सामना संपल्यावर बर्फाच्या पाण्यात बुडविलेले कोपर. अशा अवस्थेत त्याने १९६५ मध्ये ३३५ आणि १९६६ मध्ये ३२३ डाव फेकले. डावा हात पुरता सरळ होईना, म्हणून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली, असे सांगतात. प्रेक्षकांना अर्थात बाही दिसत नव्हती. त्यांना चेंडू दिसत होता.

या दोन वर्षांत कोफॅक्सने तीन वेळा नकार दिला. आमच्या मते त्याच्या चरित्राचे मर्म विजयांत नसून या तीन नकारांत आहे.

पहिला नकार ६ ऑक्टोबर १९६५ चा. त्या दिवशी मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. सात सामन्यांच्या या अंतिम मालिकेत पहिला सामना सर्वोत्तम पिचरने खेळावा, हे सर्वमान्य होते. परंतु तो दिवस यहुदी पंचांगातील योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा होता. त्या दिवशी श्रद्धावंत यहुदी काम करीत नाहीत. सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तानंतरपर्यंत उपवास आणि प्रार्थना करतात. कोफॅक्स कर्मठ नव्हता. तरीही, आपण त्या दिवशी खेळणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल खेळला आणि संघ ८-२ असा हरला. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स उतरला आणि तोही हरला. पण पुढे पाचवा सामना त्याने ७-० असा जिंकून दिला. आणि सातव्या, निर्णायक सामन्यात, १४ ऑक्टोबर रोजी, केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा उभा राहिला. त्याचा वळणारा चेंडू त्या दिवशी वळेना. तेव्हा जवळजवळ केवळ वेगवान फेकींवर त्याने नऊ डाव काढले, तीनच फटके दिले आणि सामना २-० असा जिंकला.

या नकाराचा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवीत असे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. एक समाज जे काम करी त्यावरून, आणि ज्या दिवशी ते काम करीत नसे त्यावरून, ओळखला गेला! प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांच्यात ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेतली जात. वर्षातून एक दिवस दार लावून घेता येणे, बाजाराची हाक आत येऊ न देणे, हे माणसाच्या मोकळेपणाचे लक्षण आहे. ज्याला एकाही दिवशी दार लावता येत नाही, त्याचे घर त्याचे नव्हे. कोफॅक्सने लाखो लोकांच्या अपेक्षेसमोर एक दिवस दार लावून घेतले, एवढेच.

दुसरा नकार १९६६ च्या वसंतातला. त्या काळी बेसबॉलपटू आपल्या संघाला करारातील एका कलमाने बांधलेला असे. करार संपला तरी संघ त्याला सोडीपर्यंत तो दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नसे. मालक देईल ते घेणे किंवा घरी बसणे, हे दोनच मार्ग. मालक एका खेळाडूला दुसऱ्याची मागणी कमी सांगून दोघांनाही दाबीत. हे ध्यानात आल्यावर कोफॅक्स आणि ड्रायस्डेल यांनी ठरविले की दोघांनी मिळून बोलणी करायची, आणि एकाला मान्य झाल्याशिवाय दुसऱ्याने सही करायची नाही. सुमारे महिनाभर दोघे सरावापासून दूर राहिले. अखेरीस कोफॅक्सला १ लाख २५ हजार आणि ड्रायस्डेलला १ लाख १० हजार डॉलर मान्य झाले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. पुढे १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने ते कलमच निष्प्रभ झाले. श्रमाची किंमत एकट्याने मागितली तर ती हाव ठरते आणि दोघांनी मागितली तर ती न्यायाची मागणी होऊ लागते, हे या प्रसंगातून दिसते.

तिसरा नकार शेवटचा. १९६६ चा हंगाम त्याचा सर्वांत यशस्वी हंगाम ठरला: २७ विजय, ९ पराजय. २ ऑक्टोबरला, पुन्हा दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर, त्याने संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र बाल्टिमोर ओरिओल्सने डॉजर्सना ४-० असे हरविले. त्यानंतर सहा आठवड्यांनी त्याने निवृत्ती जाहीर केली. हा निर्णय पराभवाच्या भरात घेतलेला नव्हता. पुढचे वर्ष आपले शेवटचे असेल, हे त्याने एका पत्रकाराला आदल्याच वर्षी विश्वासात घेऊन सांगितले होते. निवृत्तीची कारणेही त्याने साधेपणाने सांगितली. बेसबॉलनंतर पुष्कळ वर्षे जगायचे आहे आणि ती आपल्या शरीराच्या पूर्ण वापरासह जगावीत, अशी त्याची इच्छा होती. सुया खूप झाल्या होत्या. गोळ्यांनी सामन्याच्या वेळी डोके हलके होई, आणि तसे खेळत राहणे त्याला नको होते.

येथे आपण मूळ प्रश्नाकडे परत येतो. त्याने योग्य केले काय?

आक्षेप क्षुल्लक नाही. तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कान्ट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात कर्तव्याची चार उदाहरणे दिली आहेत. त्यांतले तिसरे उदाहरण आपल्या अंगचे गुण गंजू देणाऱ्या माणसाचे आहे. आपले गुण वाढविणे आणि वापरणे हे कर्तव्य आहे, ती केवळ आवड नव्हे, असे कान्ट म्हणतो. शुभवर्तमानातील धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणारा दास आपणांस परिचित आहेच. कोफॅक्सच्या जाण्याने संघाची हानी झाली, हेही खरे. १९६७ मध्ये डॉजर्स दहा संघांत आठव्या क्रमांकावर घसरले. सहकारी, प्रशिक्षक, तिकिटे काढून येणारे सामान्य लोक, या सर्वांनी त्याच्या नकाराची किंमत मोजली, जशी त्या ऑक्टोबरमध्ये ड्रायस्डेलने मोजली होती. सदसद्विवेकाने दिलेल्या नकाराचा भार पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. हे मान्य न करता नकाराची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही त्याच ग्रंथात कान्टने असेही सांगितले आहे की मनुष्याला, मग तो दुसरा असो की आपण स्वतः, केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. ‘आपण स्वतः’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माणूस स्वतःलाही साधन करू शकतो. कीर्तीचे, पैशाचे किंवा ‘माझ्यावाचून चालणार नाही’ या गोड समजुतीचे.

आमच्या धर्मपीठातील अभ्यासात याच प्रश्नाचा विचार ‘समग्रतेचे तत्त्व’ या नावाने होत असे. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की अवयव हा संपूर्ण शरीरासाठी असतो. म्हणून संपूर्ण शरीराच्या हितासाठी आजारी अवयवाचा त्याग करणे योग्य आहे. हात माणसासाठी आहे, माणूस हातासाठी नाही. कोणी विचारील, मग हाच न्याय एक पायरी वर का लावू नये? हात जसा शरीराचा अवयव, तसा खेळाडू संघाचा अवयव. संघासाठी खेळाडूचा बळी गेला तर बिघडले कोठे? येथेच विचारवंतांनी सावधपणे रेषा ओढली आहे. माणूस आपल्या सर्वस्वासह आणि आपल्याजवळच्या सर्व गोष्टींसह राज्यसमाजाच्या अधीन नसतो, असे स्वतः अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधकांसमोर बोलताना हा भेद अधिक स्पष्ट केला. शरीराबाहेर हाताला स्वतःचे असे जीवन नाही. पण समाजाबाहेर, समाजाहून वेगळे, असे स्वतःचे प्रयोजन व्यक्तीला असते. म्हणून समाज व्यक्तीकडे सेवा मागू शकतो, परंतु हात कापावा तसा तिचा विनियोग करू शकत नाही. महायुद्धाच्या काळात माणसांवर झालेले वैद्यकीय अत्याचार ताजे असताना उच्चारलेला हा विचार मैदानावरही तितकाच लागू पडतो. कोफॅक्सचे कोपर कोफॅक्सचे अवयव होते. कोफॅक्स मात्र डॉजर्सचा अवयव नव्हता.

तर मग त्याग नाहीच काय? चंदन आणि मेणबत्ती दूर फेकून द्यावयाची काय? नाही. साथीच्या रोग्यांची सेवा करताना जो आपला जीव धोक्यात घालतो, जी माता रात्रीमागून रात्र जागते, त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच होतो. भेद आहे तो झिजणे आणि झिजविले जाणे यांत. झिजणारा जाणतो की आपण काय देत आहो आणि कशासाठी. मोबदल्यात दुसऱ्याचा जीव वाचत असेल तर हात देणेही थोर आहे. परंतु दुसऱ्याच्या करमणुकीसाठी, तिकीट खिडकीच्या गल्ल्यासाठी, आणखी एका विजयासाठी हात द्यावा काय? प्रयोजन जितके लहान, तितका मागण्याचा अधिकारही लहान. खेळ ही सुंदर गोष्ट आहे. पण तिच्या सौंदर्याला एका माणसाच्या उर्वरित आयुष्याची किंमत लावता येत नाही.

कोफॅक्सला विवेकाचा आदर्श पुतळा करण्याचा आमचा हेतू नाही. डॉक्टरांची समज धुडकावून दोन वर्षे तो गोळ्यांच्या बळावर खेळला, हे आपण पाहिलेच. थांबणे त्याला लवकर सुचले असे म्हणता येणार नाही. उशिरा का होईना, साधले एवढे खरे. आणि आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्याला थांबता आले, कारण त्याच्यापाशी नाव होते, थोडा पैसा होता आणि तरुण वय होते. पाठीचा कणा वाकेपर्यंत गोणी वाहणाऱ्या हमालाच्या सांध्यांतही तोच संधिवात असतो. खाणीत, गिरणीत, परक्याच्या शेतावर राबणाऱ्याचे कोपर कोणी बर्फात बुडवीत नाही आणि त्याच्या निवृत्तीची वार्ता कोणी छापीत नाही. त्याने ‘आता पुरे’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. त्याला आपण विवेकाचा उपदेश करावा काय?

या प्रश्नाचे उत्तर, आमच्या मते, विश्रांतीच्या त्या पुरातन आज्ञेतच आहे, जिच्यातून यहुदी लोकांचे सारे पवित्र दिवस उमलले. ती आज्ञा वाचताना आपण तिचा रोख विसरतो. ती थकलेल्या मजुराला उद्देशून नाही. ती घरधन्याला उद्देशून आहे. तू विश्रांती घे, आणि तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, तुझ्या वेशीच्या आतला परदेशी, या सर्वांना ती मिळू दे, असा तिचा आशय आहे. थांबणे ही एकेकट्याच्या धैर्यावर सोडून देण्याची गोष्ट नव्हे, हे ती आज्ञा करणाऱ्याने ओळखले होते. कोफॅक्ससारख्या नामवंताला नकार देण्याचे धैर्य लागले. पण ज्या समाजात थांबण्यासाठी धैर्यच लागते, त्या समाजाचे काहीतरी चुकलेले असते. सहाणेवरील हाताने आपण होऊन थांबावे, हेच त्या आज्ञेचे मागणे आहे.

निवृत्तीनंतर कोफॅक्सच्या देणगीचे काय झाले? ती पुरली गेली नाही. १९७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. तेथे निवडला गेलेला तो सर्वांत तरुण खेळाडू. काही वर्षे त्याने दूरदर्शनसाठी समालोचन केले. ते काम त्याच्या अबोल स्वभावाला मानवले नाही, आणि तेही त्याने सोडले. पुढे १९७९ ते १९९० या काळात तो डॉजर्सच्या दुय्यम संघांत नवशिक्या पिचरांना शिकवीत राहिला. तरुणपणी नियमामुळे ज्या दुय्यम संघांत त्याला शिकता आले नव्हते, तेथेच त्याने शिकविण्यासाठी अकरा-बारा वर्षे घालविली. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मैदानावर त्याचा पुतळा उभारण्यात आला, जॅकी रॉबिन्सनच्या पुतळ्याजवळ. तोपर्यंत तो शहाऐंशी वर्षांचा झाला होता. म्हणजे ज्या ‘पुष्कळ वर्षां’साठी तो थांबला होता, ती वर्षे त्याला खरोखर लाभली होती.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाला वर्ल्ड सिरीजचे आमंत्रण येण्याची शक्यता नाही. पण प्रत्येक घरात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक धर्मग्रामात एक तरी असा हात असतो, ज्याच्यावाचून आपले काही चालत नाही: पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी काकी, गळा बसला तरी दर रविवारी गायनमंडळ उभे करणारे वयोवृद्ध मास्तर, सुटीच्या दिवशीही हक्काने बोलाविली जाणारी परिचारिका. त्यांचे कौतुक करताना आपण चंदनाची उपमा वापरतो, आणि ती ऐकून ते बिचारे आणखी थोडे झिजतात. पुढच्या वेळी उपमा देण्याआधी त्यांना एवढेच विचारावे: कोपर दुखते काय? आणि ‘हो’ असे उत्तर आले, तर त्या दिवसाचे काम आपण उचलावे.